झेल वहिनींचा होता

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला "असेल हो, आठवणींत घोळ होतोच" असं म्हणायला नको. तो झेल वहिनींनी घेतला होता. मी त्यांना खेटून बसले होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इतकी वर्षं झाली, तरी तो झेल कुणी त्यांच्या नवऱ्याच्या नावावर सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. त्या भागात मराठी माणसं इतकी थोडी, की पुण्यात ज्याला रस्त्यात ओळख दिली नसती त्याच्याशीही दर रविवारी गळ्यात गळा. तशातला एक कार्ल्सरूहच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत यंत्रांवर संशोधन करत होता. कॉलेजात क्रिकेट टीमचा कॅप्टन होतो, हे तो ओळख करून देतानाच सांगायचा, म्हणून आम्ही त्याला कॅप्टनच म्हणायचो. त्याला त्यात थट्टा आहे हे कधी कळलं नाही. दुसरा लुडविग्सहाफेनच्या अवाढव्य रसायन कारखान्यात शिकाऊ होता. तो स्वभावाने गरीब. कुणाचं भांडण सुरू झालं की "जाऊ दे गं, जाऊ दे रे" करत मध्ये पडायचा आणि जो जास्त ओरडतोय त्याच्या बाजूने निकाल द्यायचा.

वहिनी म्हणजे कॅप्टनची बायको. लग्न होऊन आदल्या हिवाळ्यात आल्या होत्या. मिरजेकडच्या, माहेरची पेरूची बाग. मला वन्सं म्हणायच्या. मी त्यांच्या नवऱ्याची बहीण नाही, काही नाही, पण इतक्या लांब आल्यावर एक तरी सासरचं माणूस असावं म्हणून त्यांनी मलाच नणंद करून घेतलं होतं. राहायला वरच्या मजल्यावर एक खोली आणि गॅलरीएवढं स्वयंपाकघर, खाली घरमालकीण. तिच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे घराच्या नियमांमध्ये, दुपारनंतर तळण नाही, रविवारी धुणं नाही, जिन्यात मोठ्याने बोलणं नाही. कॅप्टन सकाळी लॅबमध्ये गेला की संध्याकाळपर्यंत वहिनींशी बोलणारं कुणी नाही. त्यांना जर्मन वर्गाला जायचं होतं. तर हा म्हणाला, "दोन वर्षांत परत जायचंय, शिकून करणार काय तू?" वर माझ्याकडे बघून हसला, जणू मी त्याला दाद देणार होते!

बरं, त्या दिवसाचं सांगते. मानहाइमला अमेरिकन लष्कराची मोठी वसाहत होती. तिथे त्यांचं बेसबॉल चालायचं, आणि एका उन्हाळी रविवारी बाहेरच्या लोकांनाही सोडणार होते. सामना काही साधासुधा नव्हता. दोन्हीकडच्या खेळाडूंत सक्तीच्या भरतीत सापडलेले, त्याआधी मायदेशी पगार घेऊन व्यावसायिक संघांतून खेळलेले लोक होते. लुडविग्सहाफेनवाल्याच्या शेजारी राहणारा एक जर्मन तिथल्या कॅन्टीनमध्ये कामाला होता, त्याने आमच्यासाठी जागा धरून ठेवल्या. चौघांनी जायचं ठरलं.

वहिनींनी पहाटे उठून डबा केला होता. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी. तिथे सॉसेजशिवाय काही मिळणार नाही आणि आपण खात नाही, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी डब्याचं झाकण उघडलं तर कॅप्टन दातओठ खात म्हणाला, "अगं, बंद कर ते! वास किती येतोय. लोक काय म्हणतील?" समोर एक लठ्ठ अमेरिकन सार्जंट बायकोबरोबर बसला होता. त्याच्या हातातल्या पावातून मोहरीचा पिवळा रस्सा पँटवर गळत होता. त्या मोहरीचा वास चालतो आणि आमच्या लसणाचा चालत नाही! वहिनींनी झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी मुद्दाम हात घालून एक दशमी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली.

खेळ सुरू झाला आणि आमच्या साहेबांची कॉमेंट्रीही. बेसबॉल त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण कॅप्टनला माहीत नाही असं कसं होईल? "आल्झो, हे म्हणजे आपलं क्रिकेटच, फक्त अडाण्यांचं," असं म्हणून त्याने सुरुवात केली. या "आल्झो"ने, म्हणजे आपल्या "तर"ने, त्याचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं, जर्मन प्रोफेसरासारखं. बोलर फेकी टाकतोय म्हणून नाक मुरडलं. बॅट गोल आहे म्हणून हसला. बॅट फिरवूनही चेंडू लागला नाही तरी तो आउट का नाही, हे मात्र सांगता येईना. तेव्हा म्हणाला, "यांचे नियमच ढिसाळ." लुडविग्सहाफेनवाला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत मान डोलावत होता. वहिनी मात्र एकटक बघत होत्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "वन्सं, तो चेंडू लाकडाला लागल्यावर आवाजावरनंच कळतंय बघा कुठं जाणार ते."

मला काही कळत नव्हतं. त्यांना कळत होतं.

मग तो चेंडू आला. फलंदाजाने दांडकं जोरात फिरवलं आणि चेंडू पुढे जायचा तो तिरका, आमच्या बाजूला उडाला. आमच्यापुढे जाळी नव्हती. तो आधी वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि मग सरळ आमच्या डोक्यांवर यायला लागला. सार्जंटच्या बायकोने किंकाळी मारली. लुडविग्सहाफेनवाल्याने माझ्यामागे तोंड लपवलं. आणि आमचा कॅप्टन? दोन्ही हातांनी डोकं झाकून बाकाखाली वाकला. अगदी घडी घातल्यासारखा वाकला.

वहिनी उठल्या. डबा माझ्या मांडीवर दिला, हो, टाकला नाही, दिला. दोन पावलं मागे सरल्या, दोन्ही तळवे एकत्र करून वर धरले आणि चेंडू हातात येताक्षणी हात पोटाशी ओढून घेतले. फटका बसल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मला नंतर त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या बागेत भाऊ झाडावर चढून पेरू तोडून टाकायचा आणि या खाली उभ्या राहून झेलायच्या. पेरू जमिनीला लागला की डाग पडतो आणि मग तो टोपलीत जात नाही, घरातच खावा लागतो. हातावर आपटू द्यायचा नाही, येईल तसं त्याच्याबरोबर मागे जायचं. थोरल्या भावाने लहानपणी शिकवलेली गोष्ट.

सगळा स्टँड उभा राहिला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! सार्जंट मागे वळून "मॅडम! मॅडम!" एवढंच म्हणत होता. आणि वहिनी हसत होत्या. त्या हसतात कशा हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दात दिसेपर्यंत, मान मागे टाकून. चेंडू छातीशी धरला होता. पांढरं कातडं, लाल टाके.

तेवढ्यात कॅप्टन बाकाखालून वर आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि बायकोच्या हातातून तो चेंडू काढून घेतला.

"अहो..." वहिनी म्हणाल्या.

"अगं, परत द्यायचा असतो. खेळ थांबलाय ना!" असं म्हणत तो कठड्यापाशी गेला, हात मागे नेला आणि सीमारेषेवरून फेकतात तसा झोकात तो चेंडू मैदानात फेकला. वर कपाळाला हात लावून सलामही केला. क्रिकेटमध्ये चेंडू प्रेक्षकांत आला की मुकाट परत द्यायचा, ही आमची रीत. पण तिथे मैदानात दुसरा चेंडू केव्हाच आला होता, कुणी याची वाट बघत नव्हतं. आख्ख्या स्टँडमधून "बू" असा आवाज उठला. सार्जंटने मला विचारलं, "त्याने का फेकला? इथे जो झेलतो त्याचा चेंडू होतो. तो त्या बाईंचा होता." मी हे मराठीत सांगितलं तेव्हा वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "माझा होता?" एवढंच त्या म्हणाल्या.

आता कुणी म्हणेल, नियम माहीत नव्हता, चूक झाली. कबूल. ती चूक मीही केली असती. माझा राग त्या चुकीवर नाही, पुढे जे झालं त्यावर आहे. सार्जंट बिचारा भला माणूस. त्याने खाली मैदानाकडे बघून जोरात ओरडून सांगितलं, पाहुण्यांना नियम माहीत नाही, चेंडू परत द्या. थोड्या वेळाने खेळ थांबला तेव्हा एक धिप्पाड खेळाडू तो चेंडू घेऊन कठड्यापाशी आला. त्याने मैदानातून काय पाहिलं होतं? फेकणारा माणूस. तेव्हा त्याने चेंडू फेकणाऱ्याच्याच हातात दिला, पाठ थोपटली आणि कुठले म्हणून विचारलं. कॅप्टन म्हणाला, "इंडिया." एवढंच म्हणाला. "माझ्या बायकोने झेलला" हे म्हणायला किती वेळ लागतो? आणि मग लाउडस्पीकरवरून इंग्रजीत घोषणा झाली, की भारतातून आलेल्या सद्‌गृहस्थांनी आज उघड्या हातांनी फारच सुंदर झेल घेतला. कॅप्टनने हात वर करून सगळ्या बाजूंना हलवला!

मी उभी राहून ओरडले, "तो नाही, ही! ही बाई!" सार्जंटही ओरडला. पण बँड सुरू झाला होता, कोण ऐकतंय? वहिनी खाली बसल्या. त्यांचे तळवे लाल झाले होते. ते त्यांनी मांडीवर उलटे ठेवले. घोषणेतला जंटलमन म्हणजे बाई नव्हे, एवढं इंग्रजी मिरजेतही शिकवतात.

परतीच्या गाडीची वाट बघताना मी प्लॅटफॉर्मवर त्याला धरलं. "झेल कुणी घेतला रे?"

"तू तेच काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. चेंडू कोटाच्या खिशात, खिसा फुगलेला. "नवरा-बायकोत काय तुझं-माझं? तिचं ते माझंच की."

"आणि तुझं ते तिचं का? मग उद्यापासून वर्गाला जाऊ दे तिला!"

"जाऊ दे गं," लुडविग्सहाफेनवाला म्हणाला, "चेंडूच तर आहे."

मी त्या दोघांना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. एका जर्मन आजीबाईंनी छत्रीचं टोक आपटून आम्हाला गप्प केलं. वहिनी बाजूला उभ्या राहून डब्याच्या कडीशी चाळा करत होत्या.

त्यानंतर तो चेंडू कार्ल्सरूहच्या त्या खोलीत काचेच्या कपाटात जाऊन बसला, मधल्या फळीवर, गणपतीच्या शेजारी. येईल त्याला कॅप्टन तो दाखवायचा. गोष्ट दर वेळी वाढत गेली. आधी नुसता झेल होता. मग तो धावत जाऊन घेतलेला झेल झाला. पुढे एका हाताने. शेवटी शेवटी तर तो हवेत आडवा होऊन झेपावत होता, आणि एका अमेरिकन कर्नलने त्याला आमच्या टीममध्ये ये म्हणून विनवलं होतं. मी दर वेळी मध्येच म्हणायचे, "खोटं आहे. वहिनींनी घेतला." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, ही नणंद-भावजयीची थट्टा चाललीय. कॅप्टनही हसायचा. "हिला माझं कौतुक कधी सहनच होत नाही," म्हणायचा. अरे, पण कसलं कौतुक!

एकदा मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींनाच झापलं. "तुम्ही का गप्प बसता? तुमच्यासमोर धडधडीत खोटं बोलतो तो."

त्या कणीक मळत होत्या. मळता मळता थांबल्या. "वन्सं, इथं दुकानात गेलं की मी फ्राऊ अमुक, ह्यांचं आडनाव. टपाल येतं ते ह्यांच्या नावानं. खालच्या बाईला माझं नाव काय ते माहीतसुद्धा नाही. इथं येऊन माझं म्हणावं असं तेवढं एकच झालं, तो चेंडू हातात आला ते."

"मग सांगा ना!"

"मी सांगून काय उपयोग? मी सांगितलं तर भांडून घेतल्यासारखं होईल. त्यांनी आपणहून सांगायला पायजे. एकदा. कुणापुढंही चालेल." मग पुन्हा कणकेला हात घालत म्हणाल्या, "दिवाळीला दादा येणार आहे. त्याच्यासमोर तरी सांगतीलच की. त्याच्यासमोर कसं खोटं बोलतील?"

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, तोच झाडावर चढणारा. पंपांच्या कामाचं शिक्षण घ्यायला थोड्या आठवड्यांसाठी जर्मनीत येणार होता. त्या दिवसापासून वहिनींनी दिवाळीची वाट बघितली. भावासाठी बघितली, पण त्याहून जास्त त्या एका वाक्यासाठी. हे मला माहीत होतं, आणि मी जाऊन कॅप्टनलाही सांगितलं. अगदी सरळ शब्दांत. "बाकी कुणाला काहीही सांग, तिच्या भावाला खरं सांग. ती त्याची वाट बघतेय." तो म्हणाला, "या, या, सांगतो." जर्मनमधला "या", म्हणजे हो हो. मी भोळी, विश्वास ठेवला.

दिवाळीच्या रविवारी जमलो. भाऊ आला होता. उंच, रापलेला, थंडीने कानाला मफलर गुंडाळलेला, फार न बोलणारा माणूस. बहिणीसाठी मिरजेहून मेतकूट आणि तिखट आणलं होतं. वहिनींनी सकाळीच, तळणाची वेळ संपायच्या आत, चकल्या करून ठेवल्या होत्या. लुडविग्सहाफेनवाला होता, मी होते. चहा झाला. भावाची नजर कपाटाकडे गेली.

"दाजी, हा कसला चेंडू म्हणायचा?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चकल्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. तिथेच थांबल्या. मी कॅप्टनकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं, बरं का! एक क्षण बघितलं. मग पाय लांब केले आणि म्हणाला, "आल्झो, त्याची एक मजाच झाली..."

आणि सुरू! तो सामना, तो चेंडू, ते ऊन. धावला, झेपावला, एका हाताने उचलला. वर आणखी म्हणतो कसा, "तुमची बहीण तर घाबरून माझ्यामागे लपली होती!"

भावाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. वहिनी ताटाकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर रडू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि ते मला बघवेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, कपाट उघडलं, गणपतीच्या शेजारचा चेंडू उचलला.

"कॅप्टन," मी म्हटलं, "हा घे! झेल!"

आणि त्याच्या तोंडावर फेकला. हळू नाही फेकला. तीन-चार हातांचं अंतर, त्यात काय झेप घ्यायची? नुसता हात पुढे केला असता तरी चेंडू मिळाला असता. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खुर्चीतच खाली वाकला. तसाच, अगदी घडी घातल्यासारखा.

चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. मागे दार, दारात वहिनी, त्यांच्या उजव्या हातावर चकल्यांचं ताट. त्यांनी डावा हात वर केला, चेंडू तळव्यात आला तसा हात कमरेपर्यंत मागे नेला आणि थांबल्या. ताटातली एक चकली हलली नाही.

खालून घरमालकिणीने छताला काठी ठोकली. लुडविग्सहाफेनवाल्याने "जाऊ दे" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्याने तसंच मिटलं.

भावाने मफलर सोडून मांडीवर ठेवला. आवाज न चढवता, अगदी पाहुण्याच्या आदबीने त्याने विचारलं, "दाजी, झेल घेताना तुम्ही नेमके कुठं उभे होता म्हणालात?"

कॅप्टनने कॉलर नीट केली, खाकरला, आणि नेहमीच्या सवयीने मागे न बघता म्हणाला, "अगं, पाणी आण जरा."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चेंडू.

"अहो, तुमचं तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "माझे हात रिकामे नाहीत."